नाक सरळ झालं, झोपेचं काय?

मे महिन्यात यवतमाळातल्या कित्येक घरांच्या गाद्या अजूनही गच्चीवर पडतात. भिंती मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या असतात आणि कुलरला पाणी पुरवायचं तर नळाचा भरवसा नसतो. गच्चीवर घोरणं खासगी राहत नाही. दोन घरं पलीकडच्यालाही कळतं की कोण घोरतं, किती वाजता सुरू होतं, कूस बदलली की कसं थांबतं. सकाळी चहाच्या वेळी त्यावर थट्टाही होते.

शेजारी झोपणाऱ्या बायकोला मात्र आणखी एक गोष्ट ठाऊक असते. घोरणं मधेच तुटतं. छाती-पोट हलत राहतं, पण नाकातोंडातून हवा येत-जात नाही. काही क्षण असेच जातात, मग मोठ्ठा आवाज करून माणूस दचकतो, कूस बदलतो आणि पुन्हा घोरू लागतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. "घोरता घोरता मधातच दम बंद पडते यायचा," हे ती डॉक्टरांना सांगते तेही बहुधा दुसऱ्याच कारणानं दवाखान्यात आल्यावर; तीन-तीन गोळ्या घेऊनही नवऱ्याचं बीपी उतरत नाही म्हणून. डॉक्टरांनी कान देऊन ऐकावं असं ते वाक्य आहे, कारण रोग्याला स्वतःला हा आजार कधी दिसतच नाही.

झोपेत श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला, तर त्याला ॲप्निया म्हणतात. पूर्ण न थांबता बराच कमी झाला आणि त्यामुळे रक्तातला ऑक्सिजन घसरला किंवा मेंदू जागा झाला, तर तेही मोजलं जातं. तासाला असे प्रसंग ५ पेक्षा कमी असतील तर ते सर्वसाधारण. ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा गुदमरणं. त्या प्रत्येक वेळी मेंदू क्षणभर जागा होतो, अ‍ॅड्रेनलिन उसळतं, रक्तदाब चढतो. आठ तास अंथरुणात काढूनही सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, रात्रीतून दोन-तीनदा लघवीला उठणं आणि दुपारी मस्टरवर सही करता करता डुलकी हे सगळं त्यातूनच येतं.

हा लठ्ठ, सुखवस्तू शहरी माणसांचा आजार, असा समज आपल्याकडे पक्का आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास केला. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत बिघडत होता आणि ७.५ टक्क्यांना त्यासोबत दिवसा झोपाळूपणाही होता. ही मंडळी स्वतःला निरोगी समजून आली होती. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा रुग्णालयानं सांगितलेल्या कारणात 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया' हे शब्द होते, आणि गावोगावच्या वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना ते पहिल्यांदा भेटले. वजनाचा संबंध आहेच. पण लहान जबडा, मागे असलेली हनुवटी आणि अरुंद घसा असलेला सडपातळ माणूसही या आजारातून सुटत नाही, आणि पाळी गेल्यानंतर बायकांमध्येही त्याचं प्रमाण वाढतं. त्यांच्यात तो 'झोपच येत नाही', 'अंगात त्राण नाही' अशा तक्रारींमागे लपतो.

अडथळा नेमका कुठे होतो, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. जिभेचं मूळ, मऊ टाळू, पडजीभ यांच्यामागचा घशाचा भाग कूर्चेनं किंवा हाडानं ताठ धरलेला नसतो. त्याला उघडा ठेवतात ते स्नायू, आणि झोपेत स्नायू सैलावतात. उसाचा रस कागदी नळीनं ओढताना खालचं टोक चिमटलेलं असलं आणि आपण जोर लावला, तर नळी मधेच चपटी होते. इथंही तसंच घडतं. नाक चिमटलेलं टोक, चपटा होतो तो घसा. माणसाच्या श्वासाला वाटेत जो विरोध होतो, त्यातला जवळपास निम्मा एकट्या नाकात होतो. नाक चोंदलं की ओढ वाढते. शिवाय तोंड उघडतं, जबडा मागे सरकतो, जीभही मागे जाते आणि घशातली जागा आणखी कमी होते.

म्हणजे नाक या गुन्ह्यात सामील आहे, पण सहसा मुख्य आरोपी नाही. नाकाचं ऑपरेशन करावं की नाही, हे ठरवताना हा फरक विसरला की पुढे पस्तावायची वेळ येते.

यवतमाळ जिल्ह्यात नाक चोंदायला कारणांची कमी नाही. कापूस निघाला की जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांच्या नाकात आणि छातीत रुईचे तंतू व धूळ जाते. वणीकडे कोळशाची वाहतूक आहे. बांधावर आणि पडीक जागेवर गाजर गवत माजलेलं आहे. पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नोंदवलं गेलेलं हे परदेशी तण आता अंगाची खाज आणि शिंका सगळीकडे वाटत फिरतं. उन्हाळ्यात कुलरच्या जुन्या, ओल्या गवतात बुरशी धरते आणि तीच हवा रात्रभर तोंडावर येते. एप्रिल-मेची कोरडी हवा नाकातली खपली उचकटते आणि पोरांचा घोळणा फुटतो. यातली बरीचशी सूज आणि ॲलर्जी औषधानं उतरते. त्यासाठी चाकू लागत नाही.

दवाखान्यातून बाहेर पडणारा माणूस मात्र सांगतो, "नाकाचं हाड वाढलं म्हणते." हाड वाढलेलं नसतं. दोन्ही नाकपुड्यांमधला पडदा पुढे कूर्चेचा आणि मागे पातळ हाडाचा असतो, आणि तो एका बाजूला वाकलेला असतो. कुणाचा जन्मापासून, कुणाचा वाढीच्या वयात, कुणाचा कबड्डीत किंवा बैलाच्या शिंगानं लागून. अगदी सरळ पडदा असलेली माणसं कमीच, त्यामुळे एक्स-रेत किंवा दुर्बिणीतून वाकलेपण दिसलं म्हणून लगेच ऑपरेशन ठरत नाही. पडदा ज्या बाजूला वाकतो ती बाजू अरुंद होते. दुसऱ्या बाजूच्या मांसल वळ्या हळूहळू फुगून तिथली मोकळी जागा भरून काढतात, आणि शेवटी दोन्हीकडून तक्रार सुरू होते.

नाकपुड्या आळीपाळीनं बंद-मोकळ्या होणं हा मात्र आजार नाही. साधारण दर काही तासांनी एका बाजूच्या वळ्यांमध्ये रक्त वाढतं, दुसऱ्या बाजूच्या आकसतात. जर्मन वैद्य रिचर्ड कायझर यांनी हे १८९५ मध्ये लिहून ठेवलं. आपल्याकडे चालू नाकपुडीचा 'स्वर' पाहून कामाला निघणाऱ्यांना ते फार आधीपासून माहीत होतं. शुभाशुभाचं सोडून द्या, निरीक्षण खरं होतं. आडवं झाल्यावर नाकात रक्त जास्त उतरतं, म्हणून दिवसा ठीक वाटणारं नाक रात्री चोंदतं.

नाकाच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की मराठी माणसानं कावसजीला आठवायलाच हवं. हा मराठी शेतकरी जातीचा गाडीवान. १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेचे बैल हाकत होता. टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या कुंभार-वीटभट्टी करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवलं. आधी मेणाचा साचा, मग तेवढ्या आकाराची कपाळाची कातडी मधल्या देठासकट सोडवून, पिळा देऊन खाली आणली आणि चिकटवली. मुंबईच्या दोन इंग्रज शल्यवैद्यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये तिचा वृत्तांत चित्रासकट छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये हीच पद्धत वापरली. ज्या विद्येची मुळं सुश्रुतसंहितेत आहेत, ती त्या काळी कुणा वैद्यशास्त्र्याच्या नव्हे, तर भट्टीवरच्या कारागिराच्या हातात शिल्लक होती, याचं मला दर वेळी नवल वाटतं. त्या वृत्तांतात एक बारीक तपशील आहे. जखम धरू लागल्यावर नव्या नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालून ठेवत, वाट बुजू नये म्हणून. नाक दिसायला हवं होतंच, पण श्वास जायलाही हवा होता.

पडद्याची शस्त्रक्रिया खूप नंतरची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑटो फ्रीअर आणि गुस्टाव किलिआन यांनी पडद्यावरचं पातळ अस्तर जपून आतला वाकडा भाग काढायची रीत बसवली. पण जास्त कूर्चा काढली की नाकाचा दांडा खचायचा. शतकाच्या मध्यावर मॉरिस कॉटल आणि इतरांनी काढण्यापेक्षा सरळ करण्यावर भर दिला. आजची सेप्टोप्लास्टी हीच. चेहऱ्यावर व्रण नाही, नाकाचा बाहेरचा आकार बदलत नाही. आकार बदलण्याची शस्त्रक्रिया वेगळी.

मग सेप्टोप्लास्टीनं श्वास सुधारतो का? हो, रोगी नीट निवडला असेल तर. ब्रिटनमधल्या १७ रुग्णालयांत ३७८ प्रौढांवर झालेली चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाची शस्त्रक्रिया केली, दुसऱ्याला स्टेरॉइडचे आणि मिठाच्या पाण्याचे फवारे दिले. सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांचं नाक स्पष्टपणे जास्त मोकळं होतं.

आणि झोपेतलं गुदमरणं? तिथं उत्तर बदलतं. ग्रीसमधल्या डॉक्टरांनी पडदा वाकडा आणि स्लीप ॲप्नियाही असलेल्या ४९ रोग्यांपैकी काहींची खरी, काहींची लुटुपुटूची शस्त्रक्रिया केली. २००८ मध्ये निकाल आला: खऱ्या शस्त्रक्रियेनंतरही तासाला श्वास अडण्याचा सरासरी आकडा हलला नाही. थोड्यांना लाभ झाला, बहुतेकांना नाही. नंतरचे अभ्यासही साधारण तिकडेच झुकतात. नाक उघडतं, दिवसा थोडं ताजं वाटतं, घोरण्याचा आवाज कधी कमी होतो, पण घसा मिटायचा तो मिटतच राहतो. घोरणं कमी झालं की घरचे निर्धास्त होतात, हा त्यातला खरा धोका. साक्षीदारच गप्प बसतो.

लहान मुलांचं गणित निराळं आहे. चार-सहा वर्षांचं पोर तोंड उघडं टाकून घोरत असेल, रात्री घामेजत असेल, अंथरूण ओलं करत असेल, शाळेत एका जागी बसत नसेल, तर बहुधा नाकामागची ॲडेनॉइडची गाठ आणि टॉन्सिल वाढलेले असतात. तिथं ते काढणं हाच पहिला उपचार, आणि बऱ्याच मुलांची झोप त्यानं खरोखर सुधारते. पडद्याला मात्र वाढीच्या वयात शक्यतो हात लावत नाहीत.

मोठ्यांसाठी माझ्या मते क्रम असा हवा. पहिलं नाकाचं औषध. स्टेरॉइडचा फवारा नाकापुरता काम करतो, पण त्याचा गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. लोक तिसऱ्या दिवशी बाटली फेकून देतात. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हातानं उजव्या नाकपुडीत, फवाऱ्याचं तोंड बाहेरच्या बाजूला करून मारायचा, म्हणजे पडद्यावर जखम होत नाही. मेडिकलमधून आणलेले, दोन मिनिटांत नाक उघडणारे थेंब मात्र चार-पाच दिवसांपुढे घालू नयेत. त्यांची सवय लागते, थेंब उतरले की नाक आधीपेक्षा जास्त फुगतं. अशी वर्षानुवर्षं बाटली उशाशी ठेवून झोपणारी माणसं आहेत, आणि त्यांच्या नाकाचा अर्धा आजार त्या बाटलीतच असतो. जलनेती करणाऱ्यांनी मिठाचं पाणी उकळून गार केलेलंच घ्यावं, नळाचं थेट नको.

दुसरी झोपेची तपासणी, आणि ती ऑपरेशनच्या आधी. घोरता का, दिवसा थकवा असतो का, श्वास थांबलेला कुणी पाहिला का, बीपी आहे का, वजन फार आहे का, वय पन्नाशीपुढे का, गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरहून जास्त का, पुरुष आहात का, हे आठ प्रश्न टोरंटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग यांच्या प्रश्नावलीतले. तीन-चार 'हो' आले तरी तपासणीचा विचार करावा. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे लोकांच्या भाषेत 'मेडिकल'ला, नाक दुर्बिणीतून पाहून घेता येतं. रात्रभर डोक्याला, छातीला, बोटाला तारा लावून होणाऱ्या झोपेच्या संपूर्ण तपासणीसाठी वर्ध्याकडे किंवा नागपूरला चौकशी करावी लागते. घरी लावून झोपायचं छोटं यंत्रही मिळतं आणि बऱ्याच जणांना ते पुरतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला विचारून घ्यावं.

मध्यम किंवा तीव्र ॲप्निया निघाला, तर मुख्य उपचार सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये तो जगापुढे मांडला. नाकावरच्या मास्कमधून मंद दाबाची हवा घशात जाते आणि घसा मिटू देत नाही. पहिल्याच रात्रीनंतर "कित्येक वर्षांनी झोपलो" म्हणणारे भेटतात, तसेच आठवड्यात मशीन कपाटात ठेवणारेही. नाकावर मास्क, सासुरवाडीला गेल्यावर लाज, वीज गेली तर बंद. विजेसाठी इन्व्हर्टर चालतो. लाजेला औषध घरातल्यांनीच द्यायचं. आणि मशीन न सोसण्याचं एक मोठं कारण असतं चोंदलेलं नाक. वाकड्या पडद्याच्या शस्त्रक्रियेची खरी जागा मला इथं दिसते. नाक मोकळं झालं की कमी दाबात काम भागतं, मास्क सोसवतो, माणूस मशीन रात्रभर ठेवतो. ऑपरेशननं ॲप्निया बरा केला नाही, तरी उपचार शक्य केला.

सोबत वजन. १० टक्के वजन उतरलं तर श्वास अडण्याचा आकडा सुमारे चौथाईनं घटतो, असं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या दीर्घ अभ्यासात दिसलं. रात्रीची दारू आणि स्वतःच्या मनानं घेतलेली झोपेची गोळी घसा आणखी सैल करतात. पाठीवर न झोपता कुशीवर झोपल्यानं काहींना चांगलाच फरक पडतो. जयपूरच्या डॉक्टरांनी २०२५ मध्ये ३० रोग्यांवर शंख फुंकण्याचा प्रयोग केला, त्यात थोडा गुण आला. अभ्यास छोटा आहे, तेव्हा देवघरातला शंख जरूर वाजवावा, पण मशीन विकू नये. पांढरकवड्यावरून जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद महामार्गावर रात्रीचा ट्रक हाकणाऱ्याला मात्र प्रयोग करत बसायला वेळ नाही. स्टिअरिंगवर डोळा लागत असेल, तर उपचार सुरू होईपर्यंत गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायला हवी.

ऑपरेशन ठरलंच, तर भीती साहजिक आहे. बहुतेक वेळा पूर्ण भूल देतात. नाकपुडीच्या आतून छेद, पडद्यावरचं अस्तर उचलून वाकडी कूर्चा आणि हाड सरळ करणं किंवा तेवढा भाग काढणं, पुढचा आणि वरचा आधार राखून. तास-दीड तासाचं काम. त्यानंतर एक-दोन दिवस नाकात बोळे किंवा आत सिलिकॉनच्या पट्ट्या असू शकतात. दुखण्यापेक्षा हे तोंडानं श्वास घेणंच जास्त छळतं. ओठ सुकतात, घास गिळताना कानांना दडे बसल्यागत होतं. बोळे काढताना डोळ्यांत पाणी येतं, पण ते मिनिटा-दोन मिनिटांचं. पहिला आठवडा नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, वाकून ओझं उचलायचं नाही. कापूस वेचणीच्या किंवा फवारणीच्या दिवसांत तारीख न घेतलेली बरी. काम थांबत नाही, आणि ताज्या जखमेवर धूळ बसते. रक्तस्राव, पडद्यात रक्त साचणं, जंतुसंसर्ग, क्वचित पडद्याला भोक पडणं किंवा वरचे पुढचे दात काही काळ बधिर होणं हे धोके डॉक्टरांनी सही घेण्याआधी सांगायला हवेत. त्यांनी सांगितले नाहीत तर आपण विचारावेत.

सगळ्यात महत्त्वाचं बोलणं मात्र सर्जनशी नव्हे, भूलतज्ज्ञाशी करायचं असतं. स्लीप ॲप्निया असलेल्याचा घसा भुलीनं आणि तीव्र वेदनाशामकांनी जास्त सैल होतो, आणि नेमकं त्याच रात्री नाक दोन्हीकडून बंद असतं. आजार माहीत असेल तर बोळे टाळता येतात किंवा मधून श्वासाची नळी ठेवता येते, औषधं बेतानं देता येतात, रात्रभर ऑक्सिजनवर नजर ठेवता येते. माहीत नसेल तर यातलं काहीच होत नाही. म्हणून घोरण्याची गोष्ट त्या खोलीत लाजून लपवू नये, आणि ती सांगायला बायकोला सोबत न्यावं. मशीन असेल तर तेही बॅगेत घ्यावं.

नाकातल्या खपल्या मिठाच्या पाण्यानं धुत दोन-तीन आठवडे जातात. आतली सूज पूर्ण ओसरायला दोन-तीन महिने लागतात, तोवर ऑपरेशन फसलं असं कुणी ठरवू नये. त्यानंतर झोपेची तपासणी पुन्हा करायची, पुन्हा तारा लावून. नाक कितीही मोकळं वाटत असलं, तरी आकडा ३० चा २८ झाला असेल तर मशीन चालूच ठेवायचं. फक्त हवेचा दाब नव्यानं लावून घ्यायचा, कारण जुना दाब जुन्या नाकासाठी बसवलेला असतो.